न पाडलेली भिंत

हे लिहिण्याचा माझा अधिकार काय, असं कोणी विचारलं तर माझ्याजवळ उत्तर नाही, म्हणून सुरुवातीलाच क्षमा मागते. आयुष्यभर मी शाळेत भूमिती शिकवली. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या क्रमाने फळ्यावर लिहायचं आणि तास संपला की पुसून टाकायचं, एवढंच माझं लेखन. त्यापलीकडचं काही लिहून पाहायला सुरुवात केली ती निवृत्तीनंतर, तेही कोणाला न दाखवता. माझे धाकटे दीर मधुकर, ज्यांना सगळा दारव्हा मधुभाऊ म्हणून ओळखत असे, ते जाऊन आता काही आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहू शकतील अशी माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्यासोबत इमारती उभ्या केलेली, त्यांच्याशी भांडलेली, त्यांच्या हाताखाली तयार झालेली. माझ्याबाबतीत तर साध्य काय आहे हेच अजून मला नीट मांडता येत नाही. तरीही लिहिते आहे, कारण येत्या रविवारी कंत्राटदारांच्या मंडळाच्या बैठकीत उभं राहून मला सांगायचं आहे की मधुकररावांच्या मनात काय होतं. मंडळाने तशी विनंती केली आहे... आणि मला ते माहीत नाही.

बातमी कळली तेव्हा मी नागपूरहून, मुलीकडून परतत होते. एसटी कळंबला थांबली होती. खिडकीखाली एक बाई सीताफळांची टोपली उंच धरून उभी होती आणि मी भाव विचारणार एवढ्यात फोन वाजला. फोन देवानंद मिस्त्रीचा होता. देवानंद आमच्या बांधकाम वर्गात गवंडीकाम शिकवतो. त्या वर्गाविषयी पुढे सांगेनच. तो म्हणाला, "म्याडम, भाऊ गेले." त्यानंतर बराच वेळ फोनवर फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. मग त्याने अतिशय हळू आवाजात विचारलं, "मंग म्याडम, आता त्या भिंतीचं काय करू?" माणूस गेल्याची बातमी आणि भिंतीचा प्रश्न असे एकामागोमाग का यावेत, हे त्या क्षणी मला समजलं नाही. यवतमाळपर्यंत आणि तिथून पुढे दारव्ह्यापर्यंत ती दोन वाक्यं माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटून राहिली. आजही ती मला वेगळी करता आलेली नाहीत.

मधुकररावांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बांधकामावर रेजा होत्या. डोक्यावरून घमेली वाहून नेण्याचं काम. थोरला मुलगा, माझे यजमान, शिकून बँकेत लागले. धाकटा आईसोबत कामावर जात राहिला, मिस्त्री झाला आणि पुढे कंत्राटदार. त्यांना कंत्राटदाराचा परवाना मिळाला तेव्हा त्यांनी त्याला काचेची चौकट करून घेतली आणि बैठकीच्या खोलीत सासूबाईंच्या फोटोशेजारी टांगली. दर नूतनीकरणाला जुना कागद मागे सरकवून नवा पुढे लावत. घरात बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीनंतर नजर जात असे ती या दोन चौकटींकडे. आलेल्या पाहुण्याला ते स्वतःच सांगत, "हे माही माय, अन् हे माहं लायसन. दोघीयनं लय वाट पाह्याले लावली."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक ओळंबा असे. दोरीला बांधलेलं पितळेचं छोटंसं वजन, ज्याने भिंत सरळ उभी आहे की नाही ते तपासतात. कोणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत त्यांचा हात खिशाकडे जाई. माझ्या मुलासाठी मुलगी पाहायला आम्ही घाटंजीला गेलो होतो. मुलीच्या वडिलांनी आदराने सगळ्यांना बसवलं. आम्ही नाव, शिक्षण, नात्यातली माणसं असं रीतसर बोलत असताना मधुकरराव उठले आणि त्यांनी दाराच्या चौकटीला ओळंबा लावला. मुलीचे वडील गोंधळून म्हणाले, "काय पाहून राह्यले भाऊ?"

"चौकट पाहून राह्यलो. उजवीकडं झुकून राह्यली. कोनं बांधलं हे घर?"

"मीच बांधलं. माह्या हातानं."

माझे यजमान जमिनीकडे पाहू लागले. मधुकररावांनी दोरी गुंडाळली, ओळंबा खिशात ठेवला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "मंग ठीक हाये. स्वतःच्या घराले एवढं माफ असते." आतल्या खोलीतून कोणीतरी खुदकन हसलं. ती हसणारी मुलगी आज माझी सून आहे, आणि त्या हसण्यातच आपण होकार दिला असं ती सांगते. माझे यजमान मात्र अजून म्हणतात, "मधूचं मधूलेच माहीत." भावाविषयी त्यांचं सगळं मत या एका वाक्यात संपतं, आणि या दिवसांत मी कितीही विचारलं तरी ते दुसरं काही बोलत नाहीत.

आता त्या वर्गाविषयी. आमच्या भागातल्या कंत्राटदारांच्या मंडळात एक प्रस्ताव आला होता: परवान्याचं नूतनीकरण करताना प्रत्येक कंत्राटदाराने शुल्कासोबत एक हिस्सा मंडळाकडे जमा करावा आणि त्यातून बांधकामावरच्या मजुरांना गवंडीकाम, मापं, नकाशा वाचणं हे सगळं रीतसर शिकवावं. कल्पना मंडळाचे सचिव राठोड यांची. गावातली एक शिक्षिका म्हणून त्यांनी मलाही त्या बैठकीला बोलावलं होतं, आणि मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले होते. प्रस्तावाला सर्वांत मोठ्या आवाजात विरोध केला तो माझ्या दिरांनी. "लायसन माहं, काम माहं, अन् फी कायची भरू? दुसऱ्याच्या शिकवणीची? आमी शिकवाचं, हात तयार झाला का पोट्टे पुण्याले पयतात. मंग पुणेवाल्यायनंच भरावी ना फी!" सभा हसली. राठोड म्हणाले, "मधुभाऊ, तुमाले कोनं शिकवलं?" त्यावर ते म्हणाले, "मले कोनंच नाई शिकवलं. मार खाल्ला अन् शिकलो. फुकटात!" पुन्हा हशा झाला, मतदान झालं आणि प्रस्ताव त्यांच्या विरोधासह मंजूर झाला. मला तेव्हा अतिशय संकोच वाटला, कारण येताना आम्ही एकाच गाडीतून आलो होतो आणि मत नसतानाही मी प्रस्तावाच्या बाजूने हात वर केला होता. परतताना, घराशी उतरताना ते फक्त म्हणाले, "तुमचा हात लय सरळ वर गेलता, वहिनी. भूमितीचा हात."

वर्ग सुरू झाला तो बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये. मालकाने शेड आणि पुढचं आवार वापरायला दिलं होतं. पहिल्याच रविवारी मधुकरराव तिथे हजर. सरकी साठवायच्या जुन्या ओट्यावर बसले आणि जो तो विचारी त्याला सांगू लागले, "माहे पैसे कुठं जाऊन राह्यले ते पाह्याले आलो." पुढच्या रविवारी पुन्हा आले. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी देवानंदच्या हातातून थापी घेतली. शेडची जमीन फुटकी आहे, इथे पाट ठेवला तर हलतो, सिमेंट टाकून सारखी करा, अशी कटकट ते दर वेळी करत. पण जमीन काही झाली नाही. एक दिवस घरी येऊन मला म्हणाले, "वहिनी, तुमी येजा. त्याइले नकाशा हातात देला का डोस्क्यावरून जाते. तुमच्या त्या पुस्तकी मराठीत सांगा, पन सांगा." अशी मी तिथे जाऊ लागले. फळ्याच्या जागी शेडची भिंत आणि खडूच्या जागी कोळसा. काटकोन म्हणजे काय ते मी सांगायचं आणि देवानंदने तो विटांनी करून दाखवायचा. बाहेर मात्र मधुकररावांची भाषा बदलली नाही. चौकात, मंडळात, लग्नात ते सांगतच राहिले की ही फी म्हणजे अन्याय आहे. मी एकदा विचारलं, "भाऊजी, मग तुम्ही येता कशाला?" तर म्हणाले, "अन्याय कसा चालते, ते जवळून पाहा लागते."

त्या वर्गाची एक रीत होती, आणि ती त्यांनीच घालून दिली होती. प्रत्येक तुकडीने शेवटी आवारात एक भिंत बांधायची. छातीएवढी उंच, एक कोपरा आणि दारासाठी सोडलेली जागा. जोडकाम नुसत्या मातीत. सिमेंट अजिबात वापरायचं नाही. भिंत झाली की मधुकरराव ओळंबा लावत, दोष सांगत, आणि मग ज्याने बांधली त्यानेच ती आपल्या हाताने उतरवायची, विटांची माती खरवडून काढायची आणि पुढच्या तुकडीसाठी थप्पी लावून ठेवायची. "ज्याची त्यानं पाडाची," हे त्यांचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. इतर कोणी मदतीला हात लावला तर ते ओरडत.

सुरुवातीच्या एका तुकडीत सुलोचना नावाची रेजा होती. घमेली वाहण्यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. थापी हातात धरायला कोणी दिलीच नव्हती. तिचा कोपरा इतका नेटका आला की देवानंद नुसता पाहत राहिला. मधुकररावांनी ओळंबा लावला, दोनदा लावला, एकही दोष सांगितला नाही, आणि मग हाताने खूण केली: पाडा. सुलोचना हलली नाही. म्हणाली, "भाऊ, आजच्या दिवस राहू द्या ना. उद्या पोरीले आनतो. तिले दाखवतो, अन् मंग पाडतो."

"पोरीले काय दाखवतं? मातीची भिंत?"

"मी बांधली म्हून दाखवतो."

"इटा तेवढ्याच हायेत सुलोचना. आज तुही ठेवली, त उद्या येनाऱ्यानं कायनं शिकाचं? पाड."

तिने पाडली. एक एक वीट उतरवताना ती मोठमोठ्याने त्यांना टोमणे मारत होती. "पाहा हो भाऊ, हे वीट सरळ होती का? अन् हे? पाहून घ्या, नाईतर म्हनसान का वाकडी होती म्हून पाडली!" ते ओट्यावर बसून ऐकत होते. मला त्यांचा फार राग आला होता. घरी परतताना मी म्हटलं की एका दिवसाने काही बिघडलं नसतं. ते म्हणाले, "माह्या मायनं किती भिंती उभ्या केल्या, त्यातली एक तरी मले माहीत हाये का, वहिनी?" हे वाक्य त्यांच्या कठोरपणाच्या बाजूने होतं की विरुद्ध, हे मी तेव्हापासून ठरवू शकलेले नाही.

आणि आता ती भिंत, जिच्याविषयी देवानंदने विचारलं. गेल्या तुकडीच्या शेवटी, मधुकरराव तपासण्यांसाठी यवतमाळच्या दवाखान्यात असताना, त्यांच्या गाडीतून आवारात सिमेंट आणि रेती उतरली. देवानंदने त्यांना फोन लावला, तो बंद होता. आता हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण भाऊंचं सामान भाऊंना विचारल्याशिवाय परत पाठवायचं नाही, आणि आलेलं सामान पडूनही राहू द्यायचं नाही, ही त्यांच्या हाताखालच्या प्रत्येक माणसाला लागलेली शिस्त होती. देवानंदने विचार केला, भाऊंनी पाठवलं म्हणजे काही ठरवूनच पाठवलं असेल. त्याने तुकडीकडून भिंत सिमेंटात बांधून घेतली. मातीपेक्षा जोड भक्कम म्हणून मुलांना हुरूप आला आणि भिंत छातीच्या वर, पुढे डोक्याच्याही वर गेली. तिच्यावर पाणीही मारलं. पुढच्या रविवारी मधुकरराव आले तेव्हा चालताना त्यांना दम लागत होता. आवारात शिरताच ते थांबले. भिंतीजवळ गेले, जोडाच्या रेषेवरून नख फिरवलं. वरच्या थरात ओळंबा धरण्यासाठी ठोकलेला खिळा होता, त्याला त्यांनी आपला ओळंबा अडकवला आणि तो स्थिर होईपर्यंत उभे राहिले. तुकडी हातोड्या घेऊन मागे उभी. देवानंद म्हणाला, "भाऊ, कशी पाडाची हे? इटा फुटतीन." ते म्हणाले, "राहू द्या." एवढंच. ओळंबा खिळ्यावर तसाच ठेवून ते गाडीत जाऊन बसले.

त्यानंतर त्यांच्या घरी मी गेले तेव्हा ते पलंगावर टेकून बसले होते. भिंतीवर दोन्ही चौकटी होत्या, पण परवाना मागच्याच मुदतीचा. या वेळी त्यांनी नूतनीकरण केलेलं नव्हतं. मी विचारलं, "भाऊजी, ते सिमेंट तुम्ही मुद्दाम पाठवलं होतं का?"

"भिंत सरळ हाये ना?"

"सरळ आहे."

"मंग कायले विचारता?"

आणि लगेच त्यांनी माझ्या यजमानांच्या गुडघेदुखीची चौकशी सुरू केली. माझा स्वभाव असा की एकदा टाळलेला प्रश्न मी पुन्हा विचारू शकत नाही. तीच आमची शेवटची भेट.

मधुकरराव गेले, आणि मंडळात परवान्याच्या शुल्कासोबतचा हा हिस्सा पुढे घ्यायचा की बंद करायचा, हा विषय निघाला. जे बंद करा म्हणतात ते सांगतात, भाऊ पहिल्या दिवसापासून विरोधात होते, त्यांनी शेवटी नूतनीकरणसुद्धा केलं नाही. आणि वर्ग संपला असं मनाने ठरवलं म्हणूनच शेवटची भिंत सिमेंटात बांधून घेतली, पुढे विटा लागणारच नव्हत्या. जे चालू ठेवा म्हणतात ते सांगतात, आजारी माणूस नूतनीकरण कशाला करेल? वर्ग कायमचा राहावा म्हणूनच त्यांनी एक भिंत कायमची केली. राठोड यांनी मला फोन केला. "वहिनी, तुमी घरच्या. तुमी जे सांगसान ते दोनी बाजू मानतीन." मी गाडीच्या ड्रायव्हरलाही विचारलं, की सिमेंट तिथे टाकायला नेमकं कोणी सांगितलं? कदाचित ते त्या फुटक्या जमिनीसाठीच निघालं असेल. तो म्हणाला, "भाऊनंच सांगतलं असन म्याडम. नाईतर मी कायले नेतो?" त्याला सांगितल्याचं आठवत नाही, न सांगितल्याचंही आठवत नाही. दरम्यान शेडच्या मालकांनी आवाराचं काय ते ठरवा असा निरोप पाठवला आहे, आणि नव्या तुकडीसाठी नावं देऊन गेलेली माणसं देवानंदच्या घरी चकरा मारत आहेत. विटा मात्र सगळ्या त्या भिंतीत आहेत. हिस्सा बंद झाला तर नव्या येणार नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मधुकररावांसाठीच्या बौद्ध स्मरणविधीच्या, दिवशी सुलोचना आली होती. ती आता स्वतः मिस्त्री आहे, नागपूरकडच्या कामांवर असते. सोबत तिची मुलगी होती, बारीक अंगाची, कॉलेजात जाणारी. वंदना झाली, जेवणं झाली, आणि सुलोचना मला म्हणाली, "म्याडम, चला ना, ते भिंत पाह्याची हाये." आम्ही तिघी आवारात गेलो. तिने भिंतीभोवती एक फेरी मारली, कोपऱ्यावर तळहात फिरवला आणि मुलीला म्हणाली, "माही याच्याहून चांगली होती. या मानसानं पाडाले लावली." मग ती हसू लागली, आणि हसता हसता तिने पदर तोंडाशी नेला. "माह्यापासून शिकले भाऊ. उशिरानं शिकले, पन शिकले. माह्यासाठीच ठेवली असन."

मी म्हटलं, "असेल." आणखी काय म्हणणार? तिलाही एक अर्थ लागला होता, आणि तोही इतरांच्या अर्थाइतकाच खरा वाटत होता. मुलगी तोवर दारासाठी सोडलेल्या जागेतून पलीकडे जाऊन उभी राहिली होती. तिथून तिने आईला विचारलं, "आई, मग हे पाडणार का आता?" सुलोचना म्हणाली, "ज्याची त्यानं पाडाची. भाऊचाच नेम हाये तो." आणि बोलता बोलता ती थांबली. भिंतीकडे पाहत राहिली.

खिळ्याला ओळंबा अजून तसाच लटकतो आहे. तो काढायला कोणी धजावलेलं नाही. मीही हात पुढे केला आणि मागे घेतला. वारा आला की तो थोडा डोलतो, भिंतीला लागून बारीकसा आवाज होतो, आणि मग पुन्हा शांत होतो. रविवारी मी उभी राहीन आणि खरं तेच सांगेन, की भाऊजींच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. त्यांचा मला खात्रीने माहीत असलेला एकच नियम आहे, आणि सुलोचना बोलता बोलता जिथे थांबली तिथेच तो मलाही अडवतो. मुलांनी ही भिंत रचली, देवानंदने रचून घेतली, सिमेंट मधुकररावांचं होतं, आणि विटा त्या हिश्श्यातून आलेल्या, म्हणजे मंडळातल्या प्रत्येकाच्या, हात वर करणाऱ्यांच्या आणि न करणाऱ्यांच्याही... बैठकीला जाण्यापूर्वी मला एवढंच समजून घ्यायचं आहे, आणि तुमच्यापैकी कोणाला ते माहीत असेल तर सांगा: ही भिंत कोणाची?